गडद रंगाचा आग्रह आणि धाग्याची ताकद: कोल्हापूर जिल्ह्यातील तपकिरी कापसाच्या पैदाशीचे एक प्रकरण

(या प्रकरणातील व्यक्ती, गाव आणि संस्था यांची ओळख जाणीवपूर्वक झाकली आहे.)

पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्हा कापूस पिकवणारा नाही, कापूस वापरणारा आहे. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने कोल्हापुरात कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे इचलकरंजी यंत्रमागाचे गाव झाले, पण मागावर चढणारे सूत बहुतेक बाहेरच्या कापसाचे. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात ऊसच दिसतो. अशा ठिकाणी रंगीत कापसाची पैदास करण्याचा विचार एका खर्चीवाल्या, म्हणजे मजुरीवर कापड विणून देणाऱ्या, यंत्रमागधारकाच्या मनात आला. त्यामागचे कारण शेतीचे नव्हते, पाण्याचे होते. कापड रंगवणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी आणि पंचगंगेची अवस्था हा या भागातला जुना, जिव्हाळ्याचा आणि दुखरा विषय आहे. बोंडातूनच रंग घेऊन येणाऱ्या कापसाचे कापड विणले तर निदान तेवढ्या मालापुरता रंगवण्याचा टप्पा टळेल, असे त्यांचे साधे गणित होते.

त्यांनी गावाकडच्या तीन शेतकरी भावांना तयार केले. या भावांची काही जमीन उसाच्या पाळीपाळीत मोकळी राहत असे. कापूस पैदासीत हयात घालवलेले एक निवृत्त पैदासकार मार्गदर्शनाला मिळाले. सगळे त्यांना ‘सर’ म्हणत, म्हणून येथेही तसाच उल्लेख केला आहे. एका संशोधन केंद्राकडून रीतसर करार करून तपकिरी रुईच्या अमेरिकन कपाशीचे थोडे बियाणे मिळाले.

रंगीत कापूस ही नवलाई नाही. आंध्रच्या काकीनाडा भागातला खाकी छटेचा ‘कोकनाडा’ हा देशी कापूस जुना आहे, पेरूमध्ये रंगीत कापसाची परंपरा हजारो वर्षांची आहे, आणि धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने या विषयावर बराच काळ काम केले आहे. अमेरिकेत सॅली फॉक्स यांनी १९८० च्या दशकात हाताने निवड करत गिरणीत कातता येईल असा रंगीत कापूस तयार केला. ब्राझीलच्या ‘एम्ब्रापा’ या कृषी संशोधन संस्थेने २००० साली तपकिरी आणि २००३ साली हिरवा वाण प्रसारित केला. काम होऊ शकते याबद्दल शंका नव्हती. ते ऊसपट्ट्यात, तुटपुंज्या साधनांवर आणि इचलकरंजीच्या मागाला चालेल अशा दर्जाने होईल का, एवढाच प्रश्न होता.

अडचण

मिळालेल्या तपकिरी वाणाची रुई देखणी होती. बोंड फुटले की भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखा रंग दिसे. परंतु धागा आखूड आणि कमजोर होता, बोंडे लहान होती, आणि सरकी वेगळी केल्यावर रुईचा उतारा शेजारच्या पांढऱ्या कपाशीपेक्षा स्पष्टपणे कमी पडत होता. हे या एका वाणाचे दुखणे नाही. रंगीत कापसात हे सर्रास आढळते, कारण रंग आणि ताकद दोन्ही एकाच तंतुपेशीत घडतात. तपकिरी रंग टॅनिनच्या कुळातल्या द्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये तंतूच्या पोकळीत साठत असतानाच भिंतीवर सेल्युलोजचे थर चढायचे असतात. गडद तपकिरी तंतूंची भिंत बहुधा पातळ राहते, म्हणून मायक्रोनेअर (तंतूची जाडी आणि पक्वता दाखवणारे माप) घटते आणि ओढ दिली की तंतू तुटतो. शिवाय रंगाच्या जनुकाच्या आजूबाजूला जुन्या, न सुधारलेल्या वाणाचे इतर दोषही चिकटून येतात.

यंत्रमागधारकाची गरज मात्र स्पष्ट होती. ताण्याचे, म्हणजे उभ्या धाग्याचे, सूत सायझिंगमधून (खळ देण्याच्या प्रक्रियेतून) जाते आणि मागावर सतत ओढ व घर्षण सोसते. तेथे कमजोर सूत तुटत राहिले तर कामगार दिवसभर तुटलेले टोक जोडत बसतो आणि माग उभा राहतो.

विचारात घेतलेले पर्याय

पहिली निवड देशी की अमेरिकन ही होती. देशी रंगीत कपाशी काटक असते, तुडतुड्यांना सहसा दाद देत नाही आणि पाण्याच्या ताणात टिकते. तिचा धागा मात्र बहुतेक आखूडच. देशी कपाशीत २६ गुणसूत्रे आणि अमेरिकन कपाशीत ५२, त्यामुळे दोहोंचा थेट संकर केला तर होणारी झाडे वांझ निघतात. म्हणजे देशीचा काटकपणा आणि अमेरिकनची लांबी एका पिढीत जोडण्याचा मार्ग या गटाच्या आवाक्याबाहेर होता. सरांनी अमेरिकन कपाशीतच राहायचे ठरवले. ओपन एंड या कताईच्या पद्धतीने आखूड धाग्याचेही जाडसर सूत निघू शकते, म्हणून देशीचा पर्याय यंत्रमागधारकाला काही दिवस मोहवत होता, पण त्या सुताने त्याचा ताण्याचा प्रश्न सुटणार नव्हता.

दुसरी निवड रंगाची. हिरवा कापूस पाहुण्यांना फार आवडे. हिरवा रंग मेणासारख्या द्रव्यांच्या थरांतून येतो आणि उन्हात फिका पडतो. फुटलेले बोंड वेचणीची वाट पाहत झाडावर राहिले की बाहेरची रुई मळकट पिवळसर होते. धाग्याची प्रतही तपकिरीपेक्षा सहसा हलकी असते. हा पर्याय लवकर बाजूला पडला आणि माझ्या मते ते योग्यच झाले.

तिसरा प्रश्न पांढऱ्या जोडीदाराचा. बाजारात मिळणारे बीटी संकरित बियाणे वापरावे, म्हणजे बोंडअळीचाही बंदोबस्त होईल, असे धाकट्या भावाचे म्हणणे होते. सरांनी ते ठाम नाकारले. संकरित झाडाच्या बियाण्यातून पुढच्या पिढीत गुण विखुरतात, आणि बीटी जनुक आपल्या वाणात उतरवणे ही परवानगीशिवाय करायची गोष्ट नाही. जनुकीय बदल केलेल्या पिकांची मान्यता पर्यावरण संरक्षण कायद्याखालच्या नियमांनुसार केंद्रीय समितीकडून घ्यावी लागते. शेवटी नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचा ‘सूरज’ हा बीटी नसलेला, लांब धाग्याचा सरळ (संकरित नसलेला) वाण मादी म्हणून घेतला.

चौथा प्रश्न पद्धतीचा होता आणि पुढचे सगळे त्यावर फिरले. संकरानंतर दुसऱ्या पिढीतच रंगीत झाडे निवडत जायचे, की दर पिढीला पुन्हा ‘सूरज’शी संकर (बॅकक्रॉस) करत रंग तेवढा उचलायचा? पहिला मार्ग लवकर काही हाती देतो. दुसऱ्या मार्गात पहिल्या बॅकक्रॉसनंतर सरासरी ७५ टक्के आणि दुसऱ्यानंतर ८७.५ टक्के वारसा चांगल्या वाणाचा होतो, पण वेळ लागतो. गटाने दोन्ही ओळी समांतर चालवायचे ठरवले.

प्रत्यक्ष काम

संकराचे हातकाम उसाच्या भांगलणीला येणाऱ्या बायकांनी शिकून घेतले. दुसऱ्या दिवशी उमलणारी कळी संध्याकाळी ओळखायची, अंगठ्याच्या नखाने पाकळ्या आणि पुंकेसरांची नळी सोलून काढायची, आतल्या बीजांडकोशाला इजा होऊ द्यायची नाही, वर कागदी पिशवी चढवायची, आणि सकाळी तपकिरी वाणाच्या फुलाचे पराग कुक्षीवर फिरवायचे. शुद्ध बियाणे हवे असेल तेथे कळीचे टोक दोऱ्याने बांधायचे, म्हणजे मधमाशी आत शिरत नाही. त्यांच्यापैकी एकीचा हात इतका हलका होता की तिच्या हातची बोंडे क्वचितच गळत. पुढे नोंदवहीत तिच्या झाडांना वेगळी खूण करण्यात आली.

पहिल्या हंगामाच्या शेवटी सगळ्यांचा धीर सुटण्याची वेळ आली. संकर केलेली बोंडे फुटली ती शुभ्र पांढरी.

“सर, पांढरंच निघालं की ओ! एवढी मेहनत वाया गेली म्हणायची,” थोरले भाऊ म्हणाले.

“अण्णा, रुई आईच्या अंगाची असते. बाप आहे तो आत सरकीत. ही सरकी पेरू, मग बघा,” सर म्हणाले.

रुईचे तंतू बीजाच्या वरच्या आवरणातून वाढतात आणि ते आवरण मादी झाडाचे असते, म्हणून संकराचा परिणाम त्या बोंडात दिसतच नाही. तो वर्षभराने, त्या सरकीपासून उगवलेल्या झाडावर दिसतो. पुढच्या हंगामात प्रत्येक संकरित झाडावर फिकट तपकिरी रुई आली. ही गोष्ट आधी समजावली असती तर मधल्या महिन्यांत प्लॉट मोडून ऊस लावण्याची जी चर्चा घरात झाली ती झाली नसती.

बॅकक्रॉसच्या ओळीत याच स्वभावाने वेगळी पंचाईत केली. पहिल्या बॅकक्रॉसच्या झाडांत साधारण निम्मी पांढरी आणि निम्मी फिकट तपकिरी निघणार, हे ठरलेलेच होते. पण रंग कळतो तो बोंड फुटल्यावर, आणि पुढचा संकर करायचा असतो तो फुलाच्या वेळी. म्हणजे कोणते झाड रंगीत आहे हे माहीत नसताना सगळ्यांवर संकर करायचे आणि नंतर निम्मे टाकून द्यायचे. एवढे मनुष्यबळ नव्हते. तेव्हा मधल्या भावाने ऊस उत्पादकाच्या सवयीने सुचवले की झाडे उपटू नयेत, बोंडे फुटल्यावर रंगीत तेवढी छाटून खोडवा राखावा, उन्हाळ्यात फुलली की त्यांच्यावरच संकर करावा. विदर्भ-मराठवाड्यात कपाशीच्या अशा खोडव्याला फरदड म्हणतात आणि गुलाबी बोंडअळीला ती आसरा देते, म्हणून कृषी खाते तिला सतत विरोध करते. सरांनाही ती मान्य नव्हती. अखेर निवडक थोडीच झाडे, बारीक जाळीच्या बंदिस्त मांडवात, रोजच्या पाहणीच्या अटीवर राखायची असे ठरले. सल्ला मोडून काढलेली ही वाट मला समर्थनीय वाटते, कारण भोवती कपाशीचे पीक नव्हते आणि जाळी खरोखर बंद ठेवली जात होती. कपाशीच्या पट्ट्यात मी हाच निर्णय चुकीचा म्हटला असता.

कळीचा निर्णय: रंग किती गडद

दरम्यान दुसऱ्या ओळीत, म्हणजे थेट निवडीच्या ओळीत, यंत्रमागधारकाचा उत्साह शिगेला पोहोचला होता. दुसऱ्या पिढीत एक भाग गडद, दोन भाग फिकट आणि एक भाग पांढरी झाडे आली. एका मुख्य जनुकाचा, अपूर्ण प्रभावाचा हा पाठ शेतातच दिसत होता. त्यांनी गडद झाडांचीच बोंडे वेचायचा आग्रह धरला. ग्राहकाला चॉकलेटी रंग हवा असतो, फिकट तपकिरीला लोक ‘मळका पांढरा’ म्हणतील, ही त्यांची भीती होती आणि व्यापाराच्या नजरेने ती खोटी नव्हती.

गडद झाडांच्या रुईचे थोडे सूत काढून मागावर चढवले तेव्हा ते बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्याला, कसेबसे चालले, ताण्याला अजिबात नाही. तपासणीसाठी पाठवलेल्या नमुन्यांचे आकडे तेच सांगत होते. गडद झाडांत लांबी आणि ताकद दोन्ही पडलेली होती, फिकट झाडांत काही चांगली निघाली होती. मग फिकट झाडे निवडावीत, असा सूर लागला. येथे सरांनी थांबवले. दुसऱ्या पिढीतली फिकट झाडे बहुतेक मिश्र जनुकांची असतात, त्यांचे बियाणे पेरले की पुन्हा गडद, फिकट आणि पांढरी अशी फूट पडते. असा कापूस गिरणीला विकता येत नाही, कारण एकाच गाठीत तीन रंग येतात. म्हणून एकेका झाडाचे बियाणे वेगळ्या ओळीत पेरून, जी ओळ एकाच रंगाची राहील तीच पुढे न्यायची, हा कंटाळवाणा पण अटळ मार्ग धरावा लागला.

कोंडी फुटली ती यंत्रमागधारकाच्या स्वयंपाकघरात. त्यांच्या पत्नीने नमुन्याच्या कापडाचे दोन तुकडे, एक गडद आणि एक फिकट, स्टीलच्या पातेल्यात धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळले. कोरे कापड वापरण्याआधी उकळून घ्यावे एवढाच त्यांचा हेतू होता. तुकडे वाळले तेव्हा दोन्हींचा रंग आधीपेक्षा गडद झाला होता. फिकट तुकडा आता त्याच चॉकलेटी छटेच्या जवळ आला होता जिच्यासाठी गडद झाडे निवडली जात होती. तपकिरी कापूस अल्कलीत उकळल्यावर, आणि पुढे धुण्याने, गडद होतो हे सरांना पुस्तकातून माहीत होते. निवडीचा निकष म्हणून मात्र कोणी ते वापरले नव्हते.

त्यानंतर निवडीची पद्धतच बदलली. प्रत्येक ओळीची थोडी रुई सोड्यात उकळून वाळवायची आणि रंग तिचा पाहायचा. त्या रंगाचा किमान दर्जा ठरला, आणि तो गाठणाऱ्या ओळींत ताकद व लांबी जिची जास्त ती ओळ पुढे. कच्ची रुई किती गडद हा विचार सोडून दिला. माझ्या दृष्टीने या सगळ्या खटाटोपातला हाच सर्वात मोलाचा निर्णय आहे, कारण त्याने रंग आणि ताकद यांतल्या ओढाताणीतली निम्मी मागणीच कमी केली. पैदाशीचे गुण बदलले नाहीत. कोणता गुण खरोखर हवा आहे ते मात्र उमजले.

मजूर आणि जमीन दोन्ही ओळींना पुरेनात, तेव्हा थेट निवडीची ओळ बंद करून सर्व ताकद दुसऱ्या बॅकक्रॉसच्या संततीवर लावली.

शुद्धता आणि कताई

कपाशीत मधमाश्यांमुळे परपरागीभवन बऱ्यापैकी होते. बीजोत्पादनात पायाभूत बियाण्यासाठी ५० मीटर आणि प्रमाणित बियाण्यासाठी ३० मीटर अंतर राखले जाते, पण रंगीत कापसात एका झाडाचीही भेसळ डोळ्यांना दिसते आणि उलट दिशेने शेजाऱ्याच्या पांढऱ्या कापसालाही बाधा होऊ शकते. कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या कापसाच्या उत्पादकांच्या याच भीतीमुळे सॅली फॉक्स यांना आपली लागवड दुसरीकडे न्यावी लागली होती. येथे ऊसपट्टा कामी आला. प्लॉटभोवती चहूबाजूंनी उभा ऊस होता आणि जवळपास कपाशी नव्हती. दाट उसामुळे हवा कोंडून पावसाळ्याच्या शेवटी खालची बोंडे सडू लागली, म्हणून ओळींतले अंतर वाढवावे लागले. हा तोटा सोसण्यासारखा होता.

खरी अडवणूक कताईत झाली. एका सूतगिरणीने माल घ्यायला साफ नकार दिला. रुई मोकळी करणाऱ्या ब्लोरूमपासून ती पिंजणाऱ्या कार्डिंगपर्यंत यंत्रांत तपकिरी तंतू अडकतात आणि नंतरच्या पांढऱ्या सुतात ठिपके येतात, त्यामुळे सफाईसाठी पाळी बंद ठेवावी लागेल आणि एवढ्याशा गाठीसाठी ते परवडत नाही. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. सरकी काढण्यासाठी वेगळी लहान चरखी घेतली गेली आणि कताई छोट्या लॉटवर काम करणाऱ्या युनिटकडे नेली. तेथे दर जास्त पडला.

निष्पत्ती

सातव्या हंगामाच्या अखेरीस बॅकक्रॉसच्या संततीतल्या दोन ओळी रंगाच्या बाबतीत स्थिर झाल्या. धाग्याची लांबी ‘सूरज’पेक्षा कमी, मूळ तपकिरी वाणापेक्षा बरीच अधिक. बोंडे भरदार झाली, रुईचा उतारा सुधारला. उत्पादन पांढऱ्या कपाशीइतके नाही. ताण्याला पांढरे सूत आणि बाण्याला तपकिरी सूत अशा मिश्र विणीत कापड बिनतक्रार विणले जाते. निव्वळ तपकिरी ताणा अजून मागावर पुरेसा टिकत नाही. पंचा, उपरणे आणि पडद्याचे जाड कापड एवढ्यावर सध्या भर आहे. रंगाई टळली हे खरे, पण कताईच्या जादा दरामुळे किंमत त्याच प्रमाणात वाचली नाही.

वेगळे काय करता आले असते

सोड्यात उकळण्याची चाचणी मूळ वाणाच्या रुईवर, संकर सुरू करण्याआधीच घेता आली असती. तिला काहीच खर्च नाही आणि तिने दोन हंगाम वाचवले असते. गडद रंगाचा आग्रह ग्राहकाच्या नावाने धरला गेला, पण धुतलेले कापड ग्राहकाला दाखवून त्याला विचारण्याचे काम सूत हाती येईपर्यंत कोणी केले नाही.

कताईवाल्याला पहिल्या दिवसापासून बरोबर घ्यायला हवे होते. लॉट किती मोठा लागेल आणि सफाईचा भार कोणी उचलायचा, हे आधी ठरले असते तर बियाणे वाढवण्याचा वेगही त्यावरून ठरवता आला असता. दोन ओळी समांतर चालवण्याबद्दल मात्र मी गटाला दोष देणार नाही. थेट निवडीची ओळ वाया गेली असे नोंदवहीवरून वाटते, तरी तिच्याच सुतामुळे कापड विणले गेले आणि पातेल्यात उकळले गेले.

वाणाच्या नोंदणीचा विचार उशिरा झाला. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ नुसार वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे हे दाखवावे लागते, आणि त्यासाठी प्रत्येक पिढीच्या नोंदी नीट असाव्या लागतात. सुरुवातीच्या हंगामांच्या नोंदी वहीत आहेत, पण कोणत्या झाडाची सरकी कोणत्या ओळीत गेली हे काही ठिकाणी तुटले आहे. सर आता तीन भावांबरोबर बसून त्या तुटलेल्या साखळ्या जुळवत आहेत. पुढच्या खरिपात या दोन ओळींचा आपसात संकर करून त्यातून ताण्याला टिकेल असा धागा मिळतो का, हे पाहायचे ठरले आहे.